जपानी तलवार आणि देवकाचा कोहळा

शुक्रवारी सकाळी गुरुजी पुण्याहवाचन आटोपून दुसऱ्या घरच्या सत्यनारायणाला निघून गेले, आणि त्यानंतर जे उरले तो कुळाचार होता. कुळाचारात गुरुजींचे काम नसते. तेथे घरातील वडीलधाऱ्या माणसाचा शब्द हाच मंत्र. दोह्यात, बिन महमूद भागातील संजीवच्या तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत त्या दिवशी सर्वांत वडीलधारे माणूस म्हणजे बायडाआत्या. वय वर्षे एक्क्याऐंशी. नातीच्या लग्नासाठी सिन्नर तालुक्यातून त्या प्रथमच विमानात बसून आल्या होत्या, आणि आल्या दिवसापासून वातानुकूलन यंत्राखाली घोंगडी पांघरून बसत होत्या.

संजीवच्या मुलीचे, चैत्रालीचे, लग्न दुसऱ्या दिवशी शहराबाहेर समैस्माला समुद्राकाठच्या एका व्हिलात होते. आज घरी देवक बसायचे होते. कोणाचे देवक कळंबाची फांदी असते, कोणाचे मोरपीस, कोणाचे कमळ; अशी देवके कपड्यांच्या घडीत घालून सातासमुद्रापार नेता येतात. या घराण्याचे देवक मात्र तलवारीची धार. वडिलोपार्जित तलवार गावी संजीवचा धाकटा भाऊ हरिदास सांभाळतो. "कुरियरनं पाठवू का?" असे त्याने भाबडेपणाने विचारले, तेव्हा संजीव फोनवर म्हणाला होता, "हरिदास, आपल्या दोघांपैकी तुरुंगात कोणी जायचं, तेवढं आधी ठरव."

म्हणून पाटावर, लाल खणावर, जपानी तलवार निजली होती.

तिचे वर्णन करणे प्राप्त आहे. म्यान काळ्या लाखेचे, आरशासारखे. त्यावर सोनेरी सारस पक्षी पंख पसरून उडत होते. मुठीला तांबडा रेशमी गोफ गुंफलेला. मूठ आणि पाते यांच्या मध्ये पितळी चकती, तिच्यावर विळखा घातलेला सर्प, की जपानी लोकांचा जो कोणी प्राणी असेल तो. म्यानाच्या टोकाला बारीक पट्टी आणि तिच्यावर अंक कोरलेला: हजारातील चारशे सतरावी. संग्राहकांसाठी अशा वस्तू बनवतात. संजीव गॅस प्रकल्पात वेल्डिंगच्या तपासणीचा प्रमुख. आठ वर्षांपूर्वी तेथील इशिदासाहेब मायदेशी परतताना त्यांनी ती त्याला दिली. तेव्हापासून ती दिवाणखान्यात काचेच्या पेटीत होती, आणि जो जो पाहुणा येई त्याला संजीव सांगे की हे हाताने घडवलेले पोलाद आहे, हजार घड्या घालून ठोकलेले, आणि एका नामांकित कारागिराने दोन वर्षे खपून केलेले. शहाजीने ही कथा किमान वीस वेळा ऐकली होती. दर वेळी घड्या वाढत होत्या.

शहाजी म्हणजे संजीवचा चुलतभाऊ, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा. इंडस्ट्रियल एरियातील एका लोखंडी कामाच्या वर्कशॉपमध्ये एकोणीस वर्षे फॅब्रिकेटर. बायको राणी आणि मुले गावी. संजीव कतारला आला तेव्हा त्याला विमानतळावरून घ्यायला शहाजीच गेला होता. पुढे एकाची सदनिका झाली आणि दुसऱ्याची सहा जणांची खोली तशीच राहिली. तथापि दिवाळीला बोलावणे चुकत नसे, आणि नळ, दार, कुलूप यांपैकी काही बिघडले तर दिवाळीची वाटही पाहावी लागत नसे.

मागील आठवड्यात आत्यांनी तलवार म्यानातून काढवून पात्यावरून अंगठा फिरवला होता.

"आरं, ही तर बोथी हाय."

"आत्या, शोभेची म्हणून येते ती. धार मुद्दामच देत नाहीत," संजीव म्हणाला होता.

"धारंचं देवक आन् धारच न्हाई? मंग पाटावर लाटणं ठिव की. त्येला तरी पोळी लाटता येती."

संजीवने त्याच दिवशी शहाजीला फोन लावला. "दादा, तेवढी धार लावून दे. लग्न झालं की परत बोथट करून टाक. आणि ग्राइंडर नको हं मारू, पॉलिश जाईल. मास्टरपीस आहे ती."

शहाजीने ग्राइंडर मारला नाही. गुरुवारी संध्याकाळी, काम सुटून सर्व जण बाहेर गेल्यावर, त्याने तलवार कामाच्या मेजावर घेतली. रेशमी गोफाला तेलाचा डाग लागू नये म्हणून त्याने मुठीची बांबूची खीळ हलकेच ठोकून काढली आणि मूठ ओढून वेगळी केली.

आणि त्याला हसूच आले. मग हसू गेले.

खऱ्या पात्याचे शेपूट मुठीत खोलवर शिरलेले असते. गावच्या लोहाराचा चार रुपयांचा विळा घेतला तरी त्याला वीतभर शेपूट असते. या पात्याच्या बुडाला करंगळीहून बारीक सळई वेल्डिंगने डागलेली होती, ती चार बोटे लांब, आणि तो डागही एका बाजूनेच धरलेला. पाते साध्या स्टेनलेस पत्र्याचे. घड्यांच्या ज्या लाटा दिसत होत्या त्या आम्लाने उमटवलेल्या. शहाजीच्या हाताखालून अशी शेकडो टन पट्टी गेली होती. ही तलवार भिंतीवर टांगण्यासाठी उत्तम होती. तिने पेरूसुद्धा कापावा अशी तिच्या कर्त्याची इच्छा नव्हती.

संजीवला सांगावे काय? त्याने अर्धा तास विचार केला. आठ वर्षे माणूस ज्या गोष्टीचा अभिमान सांगतो, ती गोष्ट सळईवर उभी आहे हे लग्न दोन दिवसांवर आले असताना सांगणे हे काही थोरल्या भावाचे काम नव्हे. शिवाय शहाजीने सांगितले म्हणजे ते मत्सरातून आले असेच संजीवच्या बायकोला, सुचित्राला, वाटणार. तलवार पाटावर ठेवायची, हळदकुंकू वाहायचे, उचलून पेटीत ठेवायची. कानशीने आणि दगडाने त्याने दोन तास खपून धार लावली, आणि खीळ पूर्ववत बसवली. काम हाती घेतले की ते चांगले व्हावे, एवढाच त्याचा धर्म. धार इतकी सुरेख लागली की कागद धरला तर आपोआप चिरावा.

हीच त्याची चूक झाली, आणि ती या घराण्यात केवळ शहाजीच्याच हातून होण्यासारखी होती. कारण देवकाच्या खोलीत पुढे काय होते हे त्याने कधी पाहिलेच नव्हते.

"शहाजीदादा," सुचित्रा स्वयंपाकघरातून म्हणाली, "तेवढा कोहळा आत नेता का? आणि मग जेवणाच्या डब्यांचं बघा. ते केटरिंगवाले अल मन्सूरातून निघालोय, निघालोय म्हणतात नुसते."

कोहळा त्यानेच आणला होता, तेथील किराणा दुकानातून सर्वांत थोरला बघून. दारावर दृष्टीसाठी टांगायचा असेल, अशी त्याची समजूत. तो कोहळा उचलून दिवाणखान्याच्या उंबरठ्यावर आला आणि सवयीने तेथेच थांबला.

"काका, कम इन ना! तिथे काय उभे?" चैत्राली म्हणाली. ती पाटासमोर हळदीने पिवळे झालेले हात मांडीवर ठेवून बसली होती. तिच्या पलीकडे तिचे होणारे सासू-सासरे. दोह्यात दोन्हीकडचे गणगोत नाही, म्हणून मुलीकडच्या देवकालाही त्यांना बोलावले होते. नवरदेव अनयचे वडील प्रतापराव मोबाइल आडवा धरून सर्व काही टिपत होते.

"मदी ठिव कोहळा," आत्या म्हणाल्या. "पाटावर. आन् संज्या, तू उचल ती."

संजीवने सोवळ्याचा काचा खोचला आणि तलवार म्यानातून काढली. खिडकीतील उन्हाने पाते लखलखले. प्रतापराव "वा!" म्हणाले.

"आत्या, काय करायचंय आता?" शहाजीने विचारले.

"काय म्हंजे? कोहळा फोडायचा. येका घावात. धार हाय का न्हाई ते देवाला दाखवायला नगं?"

"हिनं?"

"मग कशानं?" संजीव हसला. "म्हणून तर धार लावून घेतली, दादा. तुला माहीत नव्हतं?"

बोलून गेल्यावर त्याचे त्यालाच उमगले, आणि तो म्यान नीट ठेवण्यात गुंतल्यासारखा झाला. आत्यांनी बांगड्या मागे सारल्या. शहाजीला माहीत असणार कसे? त्याचे वडील दौलतनाना हे घराण्यातील थोरले. परंतु त्यांनी परजातीची बायको केली. आत्यांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात नानांनी थोरला म्हणून रिवाजाप्रमाणे तलवार हाती घेतली असता, "ज्या हातानं तिच्या हातचं खाल्लंस त्या हातानं नगं," असे म्हणून ती त्यांच्या हातातून काढून घेण्यात आली. काढून घेणारा हात बायडाआत्यांचा होता. तेव्हापासून प्रत्येक लग्नात देवक बसताना शहाजी, त्याचे आईबाप, सारे मांडवात उभे राहत. आई वारली तेव्हा तिला त्या खोलीचा उंबरठा कोणत्या लाकडाचा हेही ठाऊक नव्हते.

"लांब सरका जरा," संजीव मोठ्या उत्साहाने म्हणाला, "इशिदासाहेबांनी दाखवलं होतं कसं धरतात ते." आणि त्याने दोन्ही हातांनी तलवार डोक्यामागे नेऊन पाहिली.

शहाजीच्या डोळ्यांपुढे ती सळई उभी राहिली. एवढ्या वेगाने पाते कोहळ्यावर आदळले तर डाग टिकणार नाही. मूठ संजीवच्या हातात राहील, आणि पाते? समोर दोन हातांवर चैत्राली बसली होती. त्या पात्याला धार नसती तर खोक पडून निभावले असते. धार त्याने लावली होती.

"संजीव, जरा आत ये. एक काम हाय."

"आत्ता? अरे, रेकॉर्डिंग चालू आहे. पाच मिनिटांनी."

"मंग असं कर, खाली बसून काप. दाबून."

"दाबून? वांगं आहे का ते?"

सर्व हसले. प्रतापराव तर मोबाइल हलेपर्यंत हसले. संजीव पुन्हा पवित्र्यात उभा राहिला.

आता दोनच मार्ग होते. एक, चारचौघांत सांगणे की ही तलवार म्हणजे भिंतीवरचे चित्र आहे. दुसरा मार्ग त्याने आईच्या मृत्यूनंतर स्वतःपुरता बंद केला होता. जे बापाला नाकारले ते आपण मागायचे नाही, ही त्याची प्रतिज्ञा होती, आणि ती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती.

"थांब," शहाजी उंबरठा ओलांडून आत आला. "मी फोडतो. थोरला मी हाय."

खोलीतील हसणे थांबले.

"दादा?" संजीवचा चेहरा तांबडा झाला. "आज? माझ्या मुलीच्या लग्नात?"

"आजच."

"एकोणीस वर्षं इथे आहात, कधी शब्द काढला नाहीत," सुचित्रा ओल्या हातांनीच दारात आली. "नेमके व्याही समोर बसल्यावर मानपान आठवला? मी म्हणतच होते यांना, मनात ठेवणारी माणसं..."

"सुचित्रा," संजीव म्हणाला; पण तिला थांबवावे असे त्याच्या स्वरात नव्हते.

"मला मनातलं काय सांगायचं न्हाई, सुचित्राबाई. आत्या, तुम्ही सांगा. थोरला कोण?"

आत्यांनी त्याच्याकडे पाहिले. त्यांच्या मनात काय चालले होते हे सांगणे कठीण. ज्या हाताने एकदा काढून घेतले तो हात घोंगडीवर निपचित पडला होता.

"थोरला त्योच हाय," अखेर त्या म्हणाल्या. "दे त्येच्या हातात."

"आत्या!"

"दे म्हनले ना."

संजीवने तलवार दिली नाही, पाटावर ठेवली. शहाजीने ती उचलली. माफी मागावी असे त्याला आतून वाटले, पण कोणाची, हे कळेना. तो कोहळ्यासमोर उकिडवा बसला. खांद्यावरचा टॉवेल चौपदरी करून त्याने डाव्या तळव्यात घेतला आणि पात्याची पाठ त्या टॉवेलात घट्ट पकडली.

"चैत्राली, बाळा, आईकडं सरक जरा."

"आता नवरीलाही उठवा," सुचित्रा पुटपुटली. चैत्राली मात्र निमूट उठली.

"आसं बसून?" आत्या म्हणाल्या. "घाव म्हंजी घाव, शहाजी."

"घावच घालतो, आत्या."

त्याने पाते जेमतेम वीतभर उचलले आणि दोन्ही हातांचे वजन टाकून खाली आणले. कोहळा चर्रकन दुभंगला. त्याच क्षणी उजव्या हातात काहीतरी कट्‌कन मोडल्याचे त्याला जाणवले. मूठ वळून त्याच्या हातात आली. पाते डाव्या हाताच्या पकडीत, पाटाच्या लाकडात रुतून थरथरत राहिले.

कोहळ्याचे पाणी खणावर पसरत गेले. मोबाइल बंद करावा की चालू ठेवावा हे न समजून प्रतापराव नुसता कोहळाच टिपत राहिले.

"मोडली," संजीव म्हणाला.

"माझ्याकडनं खीळ ढिली राहिली," शहाजी लगेच म्हणाला. हे उत्तर त्याने गुरुवारीच योजून ठेवल्यासारखे आले. "धार लावताना काढली व्हती. चूक माझी."

"आठ वर्षं मी त्या पेटीवर धुळीचा कण बसू दिला नाही," सुचित्रा म्हणाली. मग ती अनयच्या आईकडे वळली आणि हळू, परंतु सर्वांना ऐकू जाईल असे बोलली, "जुन्या माणसांनी उगीच नव्हतं ठेवलं बाहेर. त्या रक्ताच्या हाताला देवक सोसत नाही, म्हणतात ना."

हे मात्र शहाजीने योजले नव्हते. आपल्यावर दोष यावा, तो आपण गिळावा, एवढाच त्याचा हिशेब. तो दोष आपल्याला वळसा घालून मेलेल्या आईपर्यंत जाईल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हते. आता खरे बोलावे, तर आताच दिलेला शब्द खोटा; न बोलावे, तर पुढच्या पिढ्यांत हीच गोष्ट सांगितली जाणार, की एकदा त्या बाईच्या मुलाने देवक हाती घेतले आणि तलवार मोडली. हातातील मूठ त्याने पाटाच्या कडेला ठेवली.

ती संजीवने उचलली.

मुठीच्या तोंडातून सळईचा तुकडा बाहेर डोकावत होता. संजीवने तो पाहिला. मग तो खिडकीपाशी गेला, उजेडाकडे मूठ धरली आणि मोडलेल्या जागेवरून अंगठ्याचे नख फिरवले. हजारो सांधे त्याने असेच उजेडाकडे धरून पाहिले होते. परत येऊन त्याने पात्याचे बूड पाहिले. हे सर्व त्याने अगदी सावकाश, ऑफिसात केल्यासारखे केले.

"खिळीचा काही संबंध नाही," तो म्हणाला.

"अहो, जाऊ द्या," प्रतापराव म्हणाले, "शेवटी प्रतीकच..."

"नाही, प्रतापराव, ऐका. हा वेल्ड एका बाजूनं आहे. आत पोहोचलेलाच नाही. माझ्या प्लांटमध्ये हँडरेलला असा सांधा दिसला असता तर मी त्या वेल्डरला त्याच दिवशी घरी पाठवला असता." त्याने घसा साफ केला. "आणि हे हजार घड्यांचं पोलादही नाही. इशिदासाहेबांनी मला 'डेकोरेशन' म्हणूनच दिली होती. तसं स्पष्ट सांगून. बाकीचं सगळं मी लावलं. वर्षावर्षाला थोडं थोडं."

सुचित्रा त्याच्याकडे वळली. "म्हणजे तुम्ही मलासुद्धा..."

"तुलासुद्धा."

आत्यांना घड्या आणि पोलाद कळले नसावे. परंतु सळई दिसत होती. "इळ्याला बी याच्यापरीस लांब शेपूट आसतंय," त्या म्हणाल्या. "शहाजी, तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"काल. धार लावताना."

"मंग हात फुडं का केलास, मेल्या? त्येला मोडू द्यायची व्हती."

"त्यो उभा राहून मारणार व्हता, आत्या," शहाजी म्हणाला. "पातं उडालं आसतं. चैत्राली समोर बसली व्हती."

सुचित्राने पाटापलीकडे पाहिले. चैत्रालीचे आसन अजून तेथेच होते, आणि पात्याचे टोक त्याच्याच दिशेला होते. खाली वाकून तिने खणावरचे पाणी पदराने टिपायला सुरुवात केली. लग्नाची नवी पैठणी होती. तरी पदरानेच टिपत राहिली.

"मला आत बोलावत होतास तू," संजीव म्हणाला.

"व्हय."

"आलो असतो तरी ऐकलं नसतं मी."

"न्हाईच ऐकलं आसतंस."

"कोहळ्याचं दोन भाग झालं का?" आत्यांनी मध्येच विचारले.

"झाले, आत्या."

"सारखं?"

"सारखे."

"मंग देवक बसलं. पातं तसंच ऱ्हाऊ द्या पाटावर, मुठीला काय पुजायचंय? अक्षता आना. आता नावं घ्यायची. शहाजी, उठू नगंस. नावं घेताना ज्यानं घाव घातला त्यानं बसायचं आसतं."

घराण्यातील गेलेल्यांची नावे घ्यायची, वधूपित्याने प्रत्येक नाव मोठ्याने उच्चारायचे, आणि प्रत्येक नावाला कोहळ्यावर एक अक्षत वाहायची, असा तो रिवाज. हाही शहाजी प्रथमच पाहत होता. आत्यांनी डोळे मिटले. पणजोबांपासून नावे निघाली. त्यांच्यामागून संजीव उच्चारत गेला. आजोबा झाले, आजी झाली. दौलतनानांचे नाव आले तेव्हा आत्या जराशा थबकल्या, पण घेतले. त्यानंतर रिवाजाने प्रत्येक पुरुषामागून त्याच्या बायकोचे नाव येत होते. तेथे आत्यांना थांबावे लागले.

त्यांनी डोळे उघडले.

"तिचं नाव म्या आजवर तोंडानं घेतलं न्हाई," त्या म्हणाल्या. "ठावं हाय. पर पयलं मी घिऊ नये. तू घे."

शहाजीने टॉवेलाने हात पुसले; ते आधीच कोरडे होते.

"साळूबाई," तो म्हणाला.

"साळूबाई दौलतराव," संजीवने मोठ्याने उच्चारले आणि अक्षत वाहिली.

मग आत्यांनी पुढचे नाव घेतले.